खाली आर. के. पुरम

१६ एप्रिल २००७, सोमवार

आज जॉइन झालो! मानेसरचे गाड्यांचे कारखाने संपतात आणि कापलेल्या सरसोंची शेतं लागतात, तिथे आमच्या कंपनीचा पत्र्याचा हँगर आहे, बाजूला छोटीशी धावपट्टी. आत एकच विमान. पांढरं, चार सीटचं, पंखांवर धूळ. पण कॉकपिट बघून मी येडाच झालो यार. जुन्या विमानांतली गोल गोल घड्याळं नाहीतच. फक्त दोन मोठे स्क्रीन. डावीकडे वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला उंची. उजवीकडे नकाशा.

गुडगावात आता ज्याच्याकडे मॉल आहे त्याला विमानही हवंय, आणि त्यांचे पायलट सगळे घड्याळवाले. त्यांना हे स्क्रीन शिकवायचे, ही माझी नोकरी. उडायचं नाही. विमान हँगरमध्येच, बाहेरून वीज जोडायची आणि बटणं शिकवायची. माझ्या आधी गौरव नावाचा कोणीतरी होता, तो अचानक सोडून गेला. का, ते कोणी नीट सांगत नाही. खंडेराव सर म्हणजे आमचे चीफ, एअरफोर्समधून रिटायर, मूळचे साताऱ्याचे. ते एवढंच म्हणाले की आजकालची पोरं टिकतच नाहीत.

एक गंमत. मी पहिल्यांदा बसून हेडफोन लावला तर कानात कोणीतरी म्हणालं, यू हॅव कंट्रोल. वाटलं, सर टेस्ट घेतायत. दोघे पायलट असले की विमान एकमेकांच्या हातात असंच देतात. पहिला म्हणतो, यू हॅव. दुसरा म्हणतो, आय हॅव. पहिला परत म्हणतो, यू हॅव. तीनदा बोलल्याशिवाय हात सोडायचा नाही. इतकी सवय असते की झोपेतही तोंडातून निघेल. मीही लगेच बोललो, आय हॅव कंट्रोल. तो आवाज परत म्हणाला, यू हॅव कंट्रोल. जरा थकलेला वाटला. बाहेर येऊन बघतो तर सर लांब चहाच्या टपरीवर. वायरिंगचा काहीतरी लोच्या असणार.

१८ एप्रिल

पहिली बॅच, तीन काका. एकाने स्क्रीनला नमस्कार केला आणि मला विचारलं की बेटा, इसमें क्रिकेट आता है क्या.

मी त्यांना मुख्य गोष्ट सांगितली. ढगात शिरलात की तुमचे कान खोटं बोलतात. विमान वळत असतं आणि शरीराला वाटतं सरळ चाललंय. म्हणून शरीराचं ऐकायचं नाही, स्क्रीनचं ऐकायचं. माना डोलावल्या सगळ्यांनी.

मग एका काकांनी बोट दाखवलं. जमिनीवरच्या विमानात उंची सात हजार फूट? इथे साडेआठशेच्या आसपास दिसायला हवी. हवेचा दाब सेट करायची कळ फिरवली, सगळं केलं. आकडा तसाच. आणि पत्र्याच्या खाली उपग्रहाचा सिग्नल येत नाही, त्यामुळे नकाशा बंद असायला हवा. तो मस्त चालू. सर म्हणाले, नवा माल आहे, नखरे करणारच, कंपनीला मेल टाकतो.

२२ एप्रिल, रविवार

घरी आर. के. पुरमला. आईने पुरणपोळी केली होती, नोकरीची. बाबांनी टीव्हीचा रिमोट माझ्याकडे दिला, मी सवयीने आय हॅव कंट्रोल म्हणालो. बाबा म्हणाले, या घरात कंट्रोल तीस वर्षांपासून हिच्याकडे आहे, उगाच गैरसमज नको. आई आतून ओरडली की मला ऐकू येतंय हं.

कानात दडे बसलेत. विमान खाली उतरताना बसतात तसे. आईने गरम तेलाचे थेंब टाकले.

२६ एप्रिल

नवीन स्टुडंट. तेजश्री, उदगीरची. यूपीएससीसाठी दिल्लीत आली, दोनदा प्रीलिम गेली, मग घरच्यांशी भांडून फ्लाइंगला. मला सर म्हणते, मी चारच वर्षांनी मोठा असून. नको म्हणालो तर म्हणाली, बरं सर.

हुशार आहे, पण हातात विमान घेताना विचार करत बसते. मी सांगितलं, कानात यू हॅव पडलं की विचार नाही, डायरेक्ट उत्तर. दिवसभर तेच केलं. टपरीवर चहाचा ग्लास दिला तरी यू हॅव, आय हॅव, यू हॅव. संध्याकाळी तिला मागून छत्री दिली, न वळता आय हॅव म्हणाली. चहावाला म्हणतो, मॅडम का दिमाग सटक गया. मला बरं वाटलं. काहीतरी शिकवता आलं.

४ मे

आकडा कमी होतोय. मेल, मेकॅनिक, सगळं झालं. मेकॅनिकने वीज तोडली, बॅटरी काढली, दुसऱ्या दिवशी जोडली. स्क्रीन लागला तो आदल्या दिवसापेक्षा खालच्या आकड्यावर. म्हणजे बंद असतानाही उतरत होतं.

आणि नकाशा. या नकाशात धावपट्ट्या असतात, नद्या, डोंगर. गल्ल्या नसतात. आज मी झूम केला तर गल्ल्या दिसल्या. आर. के. पुरमचं मार्केट, मलाई मंदिरची टेकडी, सरकारी क्वार्टर्सच्या रांगा. विमानाची छोटी खूण आमच्या ब्लॉकवर गोल गोल फिरतेय.

मला घाबरायला हवं होतं. मी डबा खाल्ला. भेंडी होती.

९ मे

एक गोष्ट कळली. मी सीटवर बसून कंट्रोलचं हँडल मागे ओढून धरलं की आकडा थांबतो. सोडलं की उतरतो. वळवलं तर स्क्रीनवर विमान वळतं, पण कितीही वळवा, खाली घर तेच.

सर म्हणाले, कुर्सी से चिपक गया क्या, उद्या पाळणा पण बांधून देऊ का. सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरतो. मग कंपनीची बस सुटते, हँगरला कुलूप लागतं. उतरणार नाही म्हटलं तर सरांनी दंडाला धरून उतरवलं.

हात दुखत नाहीत. काहीच दुखत नाही. फक्त कान.

१२ मे, शनिवार

सरांच्या मोबाइलमधून गौरवचा नंबर काढला. मयूर विहारला सोसायटीत राहतो. दार त्याच्या बायकोने, मीनाक्षीने उघडलं. तिने पोहे केले आणि सांगितलं की हे नोकरी सोडल्यापासून घरीच असतात, झोप छान लागते, बोलत तेवढे नाहीत.

गौरव टीव्हीसमोर होता. टीव्ही बंद. त्याने मला एकच विचारलं, कान दुखतात का.

तोच आवाज. हेडफोनमधला.

मीनाक्षी आत गेल्यावर हळूहळू बोलला. त्याच्या वेळी खाली मयूर विहार होतं. हीच बिल्डिंग. त्यालाही असंच कोणीतरी कानात देऊन गेलं होतं. शेवटी शेवटी खिडक्या हलायला लागल्या. मी विचारलं, मग माझ्याकडे दिलंस? तो म्हणाला, मी तोंडातून एक शब्द काढला नाही. शपथ. नोकरी सोडून दोन दिवस झाले होते, मी इथे सोफ्यावर होतो. फक्त मनात आलं की कोणीतरी घ्यावं, आणि तू तेव्हा तिथे बसला होतास. दुसऱ्या मिनिटाला माझे कान उघडले.

मी विचारलं, समोरच्याने उत्तर दिलं नसतं तर? गौरव म्हणाला, आपण लोक उत्तर देतोच ना.

निघताना मीनाक्षीने डब्यात लाडू दिले. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या म्हणाली.

१५ मे

रजा टाकली. आर. के. पुरमलाच आलो. निदान त्यांच्याजवळ.

दुपारी आई म्हणाली, सकाळपासून एक विमान वर घिरट्या घालतंय, तुझ्या कंपनीचं का रे? बाबांना इथली विमानं आवाजावरून कळतात, पालम विमानतळाची आयुष्यभर ऐकलीत. ते म्हणाले, हे मोठं नाही, छोटं आहे, एका इंजिनाचं. आणि फारच खाली उडवतोय गाढव, याचं लायसन्स कोणी दिलं.

मी गच्चीवर जाऊन पाहिलं. आकाश रिकामं. आवाज डोक्यावर.

त्यांना म्हणालो, उदयपूरला मामाकडे जा थोडे दिवस. बाबांनी विचारलं की मामा स्वतः ऑगस्टमध्ये इकडे येतोय, आम्ही तिकडे जाऊन काय त्याची कुंडी सांभाळू? नेऊनही उपयोग नसेल. जिथे आई-बाबा, तिथे ते विमान येईल, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, आकड्यासारखं समोर दिसतं.

१७ मे

परत सीटवर. आता मांडीला पट्ट्याने बांधायच्या पॅडवरच लिहितोय. एक हात कंट्रोलवर, एका हातात पेन.

अकराशे फूट. खाली आर. के. पुरमची जमीन साडेसातशेच्या आसपास.

तेजश्रीची पहिली पूर्ण टेस्ट उद्या, माझ्या बाजूला बसून. मी सरांना म्हणालो, तिला नका बसवू. ते म्हणाले, टेस्ट ठरलीय, होणार. तेजश्रीला टपरीवर गाठून सांगितलं की हे तुझं काम नाही, यूपीएससी कर, उद्या येऊ नकोस. ती म्हणाली, समजलं सर, उदगीरच्या पोरीने प्रीलिमच द्यायची, स्क्रीनला हात नाही लावायचा. आई लोकांच्या बोलण्याला तोंड देत एकटी बसलीय तिकडे, तिला काय सांगू, सरांचा मूड नव्हता? ग्लास ठेवून निघून गेली. यू हॅव म्हणाली नाही.

खरं सांगायला हवं होतं. काय सांगणार.

१८ मे, सकाळ

ती आली. केस घट्ट बांधून, पेन दोन. माझ्याकडे न बघता बसली, पट्टा लावला. सर बाहेर उभे, हातात मार्कांचा कागद, त्यामुळे मी उठू शकत नाही. उठलो तर आकडा—

हेडफोन काढ म्हणालो. टेस्टमध्ये काढतात का सर, म्हणाली.

काही मनात आणायचं नाही. एवढंच करायचं. स्विच मोजतो. बॅटरी, लाइट, पंप. परत. बॅटरी, लाइट, पंप. मन सपाट ठेवायचं. जमतंय. गेले कित्येक दिवस ते सपाटच आहे.

ती बटणं बरोबर दाबतेय. छान. एक स्क्रीन बंद पडला तर लाल बटण, सगळं दुसऱ्यावर. छान शिकली.

बॅटरी, लाइट—

नऊशे

आईचा फोन. उचलला. काचा वाजतायत म्हणते. स्वयंपाकघरातली कपाटं हलतायत. आज फारच खाली आलंय रे, बाबा गच्चीवर गेलेत त्याला शिव्या द्यायला, तू सांग ना कोणाला तरी, तुझ्या ओळखीचं असेल तर—

मागे ओढतोय. पूर्ण मागे. थांबत नाही

बाबा गच्चीवर

बॅटरी लाइट पंप बॅटरी

आठशे

नाही. मी नाही म्हणणार. तोंड मिटलंय, दात दातावर आहेत, मी फक्त बघतोय तिच्याकडे, फक्त—

हेडफोनमध्ये माझा आवाज. यू हॅव कंट्रोल.

ती विचार करत नाही. मीच शिकवलं. न वळता, खणखणीत, आय हॅव कंट्रोल. बाहेर सर मान डोलावून मार्क लिहितायत.

आणि परत माझा आवाज, थकलेला. यू हॅव

कान उघडले. पत्र्यावरचं ऊन ऐकू येतंय, कबुतरं ऐकू येतात. फोनमध्ये आई म्हणतेय, अगंबाई, गेलं वाटतं एकदाचं, थांबला बघ आवाज, जेवलास का तू.

उंची सात हजार. नकाशा सरकतोय. यमुना गेली. खाली, खाली, दक्षिणेला. काळी जमीन, एक तळं, गल्ल्या.

मी हात पुढे केलाय. आय हॅव म्हणतोय. मोठ्याने म्हणतोय. ती मला देत नाही, तिला वाटतं टेस्टच चालू आहे. पहिल्यांदा हसली आज. कान चोळत स्क्रीनला बोट लावून विचारतेय, सर, हा तर आमचा किल्ला, आणि हे आईचं घर, हे इथे कसं—