दुसरी चूल

३ डिसें.
सूनबाईनं आज भीत भीत विचारलं, "आत्ती, सरकारचं बायकांचं पैसं मला न्हाय का मिळत?"
नाही मिळत. इथं कर्नाटकात घरटी एकाच बाईला देतात. रेशनकार्डावर घरातली मोठी बाई मी, म्हणून माझ्या खात्यावर येतात. बिचारीला रिबीन आणायची तरी सुनीलकडं हात पसरावा लागतो. मीच सुचवलं, कार्ड वेगळं काढू. अंगणवाडीत एवढी वर्षं सर्व्हे केला. कुटुंबं चुलीवर मोजतात, हे मला कोण शिकवणार!

११ डिसें.
घरामागं परड्यातल्या खोलीत माझी शेगडी मांडली. चार भांडी, दोन डबे, माझं अंथरूण. तपासणीला माणूस येणार. सुनील म्हणाला, "दोन दिवसांचं तर हाय गं आई. नाटक समज."

१६ डिसें.
निपाणीच्या ऑफिसातला साहेब आलता. सगळं कन्नडात. पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं. आत खरंच भात होता, एका माणसाचा. 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, म्हणाला, गेला. नाटकात पास. एकटीच हसले.

१४ जाने.
संक्रांत. नात तिळगूळ घेऊन आली. वाटीवर रुमाल झाकलेला. शेजारी पाठवतो तसा. वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून साखर घालून दिली. आणि मग लई रडू आलं.

९ फेब्रु.
सूनबाईचं कार्ड झालं, पैसेही जमा झाले. बाजारातून स्वतःला चप्पल आणली, कुणाला न विचारता. चारदा घालून बघितली. बरं वाटलं. माझं अंगणवाडीचं मानधन घरातच जायचं. मला हे सुख साठीनंतर मिळालं, तिला तिशीत मिळालं.
सुनीलला म्हटलं, "आता शेगडी आत आणू?"
"एवढ्यात नको. गल्लीतलं कोणतरी सांगंल जाऊन."
कोण, ते विचारलं तर मोबाईल घेऊन बाहेर गेला.

२ मार्च
आतल्या कुकरच्या शिट्ट्या इथं ऐकू येतात. तीन झाल्या की गॅस मी बंद करायची. आज चौथी झाली. हाक मारणार होते. मग वाटलं, लोकांच्या घरात आपण कशाला
(पुढचं खोडलं.)

आत जागाही मोकळी झालीय. माझ्या फळीवर तिनं मिक्सर ठेवलाय. तिची चूक नाही. वाट मीच दाखवली.

१९ मार्च
सकाळी मंगल आली. माझ्या जागी आलेली सेविका, माझ्याच हाताखाली शिकली. वही उघडून म्हणाली, "बाई, चुली किती लिहू?"
सूनबाई दारात. पायात तीच चप्पल. एक म्हटलं तर तिचं कार्ड जाणार. दोन म्हटलं तर माझ्या तोंडानं मीच बाहेरची.
"उद्या ये गं," म्हटलं. मंगल गेली.

मग सूनबाईला म्हटलं, "आज सांजचं सगळी माझ्याकडं जेवायला या."
"ह्यास्नी विचारून सांगते, आत्ती."
चप्पल घेताना विचारलं नव्हतंस, हे ओठावर आलं होतं. तांदूळ निवडायला घेतले.

सांज झाली. अजून काही सांगितलं नाही. भात चौघांचा टाकलाय. दार उघडंच ठेवलंय.