आठातले चारच दिसतात

१५ एप्रिल, शुक्रवार

मशीन पुन्हा अडकलं. जाधवांच्या लग्नाच्या अल्बमचं आठवं पान उघडलं की पडदा पांढरा. तीनदा बंद करून चालू केलं. शेवटी कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पाहिलं तर मेमरी ४ जीबी. बसवलेली आहे ८. दिवाळीत चार-चारच्या दोन पट्ट्या महानंदानंच बसवल्या, बायकोच्या हाताखाली मी नुसता बॅटरी धरून उभा होतो. अर्धी मेमरी गेली कुठं?

दुकानावर नाव माझं, पण मशीन कळतं तिला. आणि ती अर्धापूरला, भावाकडं, लेक सोनीला घेऊन. आज तेविसावा दिवस. लातुरात पाणी नाही म्हणून गेली, असं लोकांना सांगतो. ते अर्धं खरं. टँकर आला त्या दुपारी तिनं घरून सहा फोन केले आणि मी इथं फोटोतल्या नवरीच्या गालावरचे डाग पुसत बसलो होतो. ड्रम एकटीनं भरले, कंबर धरली. "तुमाला मशीन दिसतंय, माणूस दिसत न्हाई." दुसऱ्या दिवशी एसटीत बसली. तेव्हापासून मी फोन केला की ती न बोलता सोनीकडं देते.

१६ एप्रिल

फोन केला. सोनीला म्हटलं, आईला दे, मशीनचं काम आहे. दिला!

"मेमरी चारच दावून राहिलं."

ती म्हणाली, "कुणी विंडोज बदललं का? बत्तीस बिटचं आसंल तर चारच्या वर दिसत न्हाई. वाचून दाखवा."

वाचलं. चौसष्ट.

"मंग ते न्हाई. उद्या बघू."

उद्या बघू म्हणाली. अकरा मिनिटं बोललो. तिचा आवाज जरा बसलाय. विचारायचं राहिलं.

१८ एप्रिल, सोमवार

सकाळी पूजा, मग दुकान. कॅबिनेटला भस्माची तीन बोटं ओढली. ही तिची सवय. दर सोमवारी लिंगपूजा झाली की इथं येऊन लावायची. मी चेष्टा करायचो, मशीनला दीक्षा दिली का म्हणून. आता मीच लावतो, आणि सोमवारच कशाला, रोज लावतो. दुकानात आल्यासारखी वाटते ती. कुणी बघितलं तर हसेल.

दुपारी फोन. तिच्या सांगण्यावरून एमएसकॉन्फिग ही सेटिंग उघडली, बूट, ॲडव्हान्स. "मॅक्सिमम मेमरीपुढं बरोबरची खूण हाय का?" नाही. "मंग तेबी न्हाई." नऊ मिनिटं.

रेल्वेनं पाणी यायला लागलं शहरात. आमच्या गल्लीत अजून दर दहा दिवसांनीच टँकर.

२० एप्रिल

आज कॅबिनेट उघडून काम. उघडून म्हणजे काय, उकाड्यामुळं एका बाजूचं झाकण महिनाभर काढूनच ठेवलंय, समोर टेबलफॅन. फोन खांद्यानं कानाला दाबला.

"एकच पट्टी ठिवा. पहिल्या खाचंत." चालू झालं. "ती काढा, दुसरी त्याच खाचंत." चालू झालं. "आता तीच दुसऱ्या खाचंत." नुसती शिट्टी वाजते, पडदा काळा.

"पट्ट्या चांगल्या हायेत. खाचंत गडबड हाय." मास्तरीण. मला कौतुक वाटलं, पण नुसतं हाव म्हटलं.

पट्ट्यांचे पिवळे दात सोनीच्या खोडरबरनं घासून बसवले. "टक् वाजलं का?" "वाजलं." "मला न्हाई ऐकू आलं." परत काढून फोनजवळ बसवली. टक्. तिकडं ती हसली. शपथेवर सांगतो, हसली.

मेमरी चारच.

२२ एप्रिल

आज तिनंच फोन केला. मशीनचं थोडं झालं, मग म्हणाली, "नांदेडात एका दुकानात बोलवून राहिलेत कामाला. एक जूनपासून. सोनीची शाळाबी तिथंच बघावी म्हणते."

मी विचारलं, "मशीन कसलं हाय त्यांचं?"

"सोळा जीबी," म्हणाली.

जेवलो नाही.

२४ एप्रिल, रविवार

"दुसऱ्या खाचंत बॅटरी मारून बघा, काय अडकलंय का."

मारली. खाचेत खालपर्यंत पांढरं. सोनीच्या कंपासमधली सुई घालून काढलं, बोटावर घेतलं. मऊ. वास घेतला.

भस्म.

ती लावायची ते ओलं करून. पळीभर पाण्यात कालवायची, वाळलं की पक्कं बसायचं. मी पळीभर पाणी वाचवलं आणि महिनाभर रोज कोरडंच चोळलं, उघड्या कॅबिनेटवर, पंख्यापुढं. सगळं उडून आत.

"काय हाय?" तिनं विचारलं.

"काई न्हाई," मी म्हटलं. "स्वच्छ दिसतंय."

खोटं बोललो. ब्रश फिरवला की आठ दिसणार, आणि आठ दिसले की उद्या फोन कशासाठी करायचा? मशीन तसंच ठेवलं. भस्म लावणं मात्र बंद केलं.

२६ एप्रिल

उदगीरचे पाटीलकाका येऊन बसले. नव्या जिल्ह्याच्या मागणीचा वीस फुटी फलक हवाय, मोर्चा आहे. चार जीबीत ती फाईल उघडायलाच पाऊण तास. "आरं, जिल्हा हुईल पर तुझा फलक हुनार न्हाई!" मी मान खाली घातली.

फोन: आज मदरबोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी बसवायला सांगितला. बसवला. ती मनापासून विचार करते, वहीत लिहून ठेवते, कालचं काय झालं, आज काय करायचं. आणि मी इकडं सोंग करतोय. चौदा मिनिटं मात्र झाली. सोनी कच्ची केळी तळायला शिकली म्हणे. कंबर आता बरी आहे. आज विचारलं.

२९ एप्रिल

लाज वाटून राहिली स्वतःची.

ती काल भर दुपारी अर्धापूरहून नांदेडला गेली. त्या दुकानदाराला खाचेचं विचारायला. एसटीत उभ्यानं. तो म्हणाला, बोर्डच बदला. तर ही म्हणते, "जुना बोर्ड हाय त्यांच्याकडं, आपल्या मशीनला बसतो. शिवराजच्या हातानं पाठवते." शिवराज तिचा भाऊ. आणि आवाज परत बसलेला. ऊन लागलं असणार.

"नको, थांब," एवढंच म्हटलं.

"का? अल्बम तटलेत ना तुमचे?"

तुमचे म्हणाली. दिवाळीत आपले होते.

३० एप्रिल

रंगाचा बारीक ब्रश घेतला, खाच झाडली, फुंकलं, परत झाडलं. दोन्ही पट्ट्या. टक्, टक्. ८ जीबी.

पाटीलकाकांचा फलक चहा संपायच्या आत उघडला. त्यांनी पाठ थोपटली. मला रडू यायला लागलं, म्हणून मागं जाऊन उगाच कागदाचे गठ्ठे हलवले.

२ मे, सोमवार

सगळं सांगितलं. खाचेत काय होतं, कुणी घातलं, मला कधी कळलं.

"रोज लावत व्हता?"

"हाव."

"मी तर सोमवारचंच लावायची."

"ठाऊक हाय."

मला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल. तर म्हणाली, "रविवारी कळलं तुमाला. आन् गुरुवारी मी उन्हात नांदेडला गेले." ठेवला फोन.

बरोबर आहे तिचं. चूक नुसती भस्माची असती तर चाललं असतं.

३ मे

फोन नाही. जाधवांचा अल्बम पूर्ण, बत्तीस पानं. मशीन पळतंय नुसतं.

४ मे

नाही. दोनदा नंबर काढला. म्हणायचं काय? चौदा वर्षांत टँकर, सोनी, दुकान, मशीन, याशिवाय तिच्याशी काय बोललो ते आठवून बघितलं. बसून राहिलो. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

६ मे, शुक्रवार

केला. सोनीनं नाही, तिनंच उचलला.

"आता काय बिघडलं?"

"काई न्हाई. मशीन ठीक हाय."

"मंग?"

नांदेडच्या कामाचं विचारणार होतो. नाही विचारलं. ये म्हणावं तर टँकर अजून दहाव्या दिवशी, कोणत्या तोंडानं म्हणू? पंख्याचा आवाज तिला ऐकू जात असणार. मग म्हटलं, "मला करमत न्हाई."

लग्नाला चौदा वर्षं झाली. हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं.

ती काही बोलेना. मीही नाही. मागून सोनीचा आवाज, कोणाचा फोन हाय, मला दे ना. वाटलं, आता दिला.

"तुझ्या पप्पांचा हाय," महानंदा म्हणाली. "थांब जरा. आमी बोलून राहिलोत."