आठव्या गोष्टीचा शेवट

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मराठी तू बाजाराच्या दिवशी तेल-मीठ घेण्यापुरतीच बोलायचीस, तरी हे तुलाच लिहिते आहे. आज अकोल्याच्या छापखान्यातून प्रुफं आली. लहान मुलांचं पुस्तक आहे, तुझ्या आठ गोष्टींचं. वर माझं नाव आणि खाली बारीक अक्षरात ‘आईने सांगितलेल्या कोरकू गोष्टी’. काने-मात्रे मी तीनदा तपासले. आता एकच चूक उरली आहे, आणि ती छपाईचे खिळे जुळवणाऱ्याची नाही. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या पोरीची आणि वाघाची ती आठवी गोष्ट अर्धीच तुझी आहे. प्रुफं उद्याच्या टपालानं परत जायची आहेत.

ती आठवी गोष्ट तू सांगत होतीस तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. मी अमरावतीच्या वसतिगृहातून आले होते, घरातली शाळेत गेलेली पहिलीच, आणि तशी ताठही. तू अंगणात मोहाची फुलं वाळत घालते आहेस, मी शेजारी वही घेऊन बसले आहे. आपल्यात गोष्ट ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक हूं म्हणायचं असतं. हूं थांबलं की ऐकणारा झोपला असं समजून सांगणाराही थांबतो. वाघानं पोरीला विचारलं, ‘तुझ्या टोपलीत काय आहे?’ आणि तू गप्प झालीस. आपण बोललो ते आपल्या बोलीत. इथे ते तुझ्या बाजारातल्या मराठीत लिहिते.

“पुढं काय झालं, माय?”

“कोणाले सांगू? तू तं झोपली.”

“झोपली कुठं? लिहून राहिली ना मी.”

“मंग हूं काहून नाई म्हणत? का तुहा कागद म्हणते हूं?”

कुंपणापलीकडून मावशी हसली. “पोरगी शिकली आता, बाई. तिले खुर्चीवर बसवून गोष्ट सांगा लागन!”

मला राग आला. “सांगतलेलं वाऱ्यावर जाते, लिहिलेलं राहते. आमच्या बाई म्हणतात.”

तू फुलांवरून हात फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, “तं मंग वाऱ्यालेच ऐकू दे.” दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, तेव्हा वर न बघता म्हणालीस, “दिवाळीले ये. वही ठेवून ये.” दिवाळीच्या आधीच तुला ताप आला, आणि मी पोचले तेव्हा अंगण रिकामं होतं.

त्या पोरीनं वाघाला काय उत्तर दिलं, हे मी किती जणांना विचारलं! मावशीला ती गोष्टच ठाऊक नव्हती. शेवटी मीच रचलं. पोरगी टोपली वाघापुढे ओतते, वाघ मोह खाऊन झिंगतो आणि पोरगी घरी येते. छापखान्याचे मालक म्हणाले, “बाई, झ्याक जमलं. फक्त खाली तात्पर्य टाका. तात्पर्याबिगर पोराइले काय समजन?” तात्पर्य मी टाकू दिलं नाही, आणि त्याचा मला दोन दिवस अभिमान वाटला. पण शेवट तुझा नाही, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

काल ती गोष्ट मी माझ्या वर्गात वहीतून वाचली. धारणीजवळची शाळा आहे, मुलं आपलीच. पाटीवर वाघ काढता काढता, कुणी न सांगता, ती हूं म्हणत होती. वाघाच्या प्रश्नाशी आले आणि माझा आवाज बारीक झाला. त्यांचं हूं मात्र तसंच चालू राहिलं, माझ्या शेवटालाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, हे तुमच्या मायनं सांगतलं?” मी हो म्हणाले. घरी जाऊन ती ही गोष्ट तुझी म्हणून सांगेल, आणि ती ऐकणारेही तशीच पुढे सांगतील. रात्रभर मला तेच डाचत होतं.

आत्ता वाघाच्या प्रश्नाखाली मी शाईनं लिहिलं आहे: ‘इथपर्यंत आईने सांगितली. पुढची मी रचली. कुणाला खरी ठाऊक असल्यास सांगावी.’ मालक चिडतील, पान पुन्हा जुळवावं लागेल. उद्या वर्गात त्या मुलीलाही सांगायचं आहे.

एक राहिलं. त्या दिवशी अंगणात माझं तोंड वहीमुळे बंद नव्हतं. हात चालू असताना हूं म्हणता येतं, काल मुलांनी म्हटलंच की. वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात प्रार्थनेनंतर बाई गोष्ट वाचत होत्या. मी सवयीनं हूं म्हणाले आणि सगळा हॉल हसला. त्यानंतर मी कुणालाच हूं म्हटलं नाही, तुलासुद्धा नाही. प्रुफांचं पाकीट उद्या जाईल. हा कागद मी त्यात घातलेला नाही.