एक्क्याण्णव मार्क

८ जानेवारी २००६, रविवार
शिक्षकांना कम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली. पास नाही तर प्रमोशन नाही. हिंगोलीत क्लास लावला. बायकोनंही लावला. कौशल्या आमच्याच शाळेत दुसरीला शिकवते. तिला जमेल असं वाटत नाही. मी शिकवीन. उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

१९ जानेवारी
पहाटे थंडी फार. पुस्तक उशाला आहे. क्लासमध्ये माउस धरला की बाण भलतीकडेच पळतो. टेबल उताराचं असावं.

१४ मार्च
दहावीच्या कॉपीविरोधी पथकावर नेमणूक. एका पोराच्या बाहीतून चिठ्ठी काढली. रडायला लागलं. समजावून सांगितलं की दुसऱ्याच्या अकलेवर पास होऊ नये. छान बोललो. अभ्यास राहिला.

२६ मार्च
क्लासचा प्रेमसिंग म्हणाला, "गुरुजी, काहून टेन्शन घेता? परीक्षा ऑनलाइन आहे. तुमी नुसतं बसा, माउस मी हलवतो."
याला कॉपी म्हणता येणार नाही. कॉपीला चिठ्ठी लागते. इथं कागदच नाही. हे मार्गदर्शन.
कौशल्याला सांगितलं. ती म्हणाली, "मला नको." हट्टी आहे.

२ एप्रिल
परीक्षा झाली. प्रेमसिंग खुर्चीमागून वाकून क्लिक करत होता. मी पडद्याकडे गंभीरपणे पाहत होतो. दोनदा मानही हलवली. निकाल लगेच आला. मला एक्क्याण्णव. शेजारच्या मशीनवर कौशल्याला सेहेचाळीस, नापास. येताना एसटीत तिला धीर दिला. ती खिडकीबाहेर बघत होती.

२० एप्रिल
कौशल्या शाळा सुटली की रोज एकटीच हिंगोलीच्या क्लासला जाते. काल विचारलं, "कॉलमची बेरीज कशी करायची वो? तुमाला तर एक्क्याण्णव पडले." माझं डोकं दुखत होतं.

७ मे
कौशल्या पास. अठ्ठावन्न. पाहुण्यांचे फोन आले. तिनं सगळ्यांना सांगितलं, "ह्यांना जास्त पडले." बरं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही. ऊन बाधलं असेल.

२६ जून
शाळेत कम्प्युटर आला. हेडमास्तरीण द्वारकाबाई म्हणाल्या, "सर, एक्क्याण्णव तुमाला पडले. तुमीच चालू करून दाखवा." सगळी पोरं जमली. मी मशीनभोवती दोन चकरा मारल्या. समोरची दोन-तीन बटणं दाबली. काहीच होईना. मग म्हटलं, लाइट गेली.
चौथीची राजनंदिनी वर बघायला लागली. पंखा फिरत होता. मग सगळेच वर बघायला लागले.
कौशल्या वर्गातून आली. टेबलाखाली वाकून भिंतीवरचं बटण दाबलं. पडदा उजळला. पोरांकडे वळून म्हणाली, "सरांची पाठ धरली आहे रे. वाकायला तकलीफ होते त्यांना."
घरी आलो.
पाठीला तेल लावून पडलो आहे. थोडी दुखतेच.