गिरणी पाचला बंद

ती. नाथाभाऊंना डोंबिवलीहून तानाजीचा नमस्कार.

तुमचा पाय जमिनीला टेकला, काठीही सुटली असं कळलं. बरं वाटलं. (या वयात फणसावर कशाला चढावं, हे मी विचारणार नाही. घरचे विचारून दमले असतील.) फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि तुमच्या शुश्रूषेला आलेली कलावती शेजारी. तुमची बहीण असली तरी माझी बायको आहे, तेव्हा हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचावं.

इकडे गिरणीला नवा मीटर बसलाय. जुना बिचारा महिन्याचा एक आकडा सांगून गप्प बसायचा. हा दर अर्ध्या तासाच्या चहाड्या सांगतो. दिवसा दळलं तर वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. व्यापारी मंडळाने आम्हा दुकानदारांना तयारीसाठी कल्याणला सभेला बोलावलेलं. तिथे एका साहेबांनी पडद्यावर विजेच्या आलेखाचे डोंगर दाखवले आणि सांगितलं की आपापला धंदा उन्हात आणा. मी हात वर करून म्हटलं, साहेब, माझी गिऱ्हाइकं उन्हाची ऑफिसात असतात. सगळे हसले. साहेबांनी पुढचा डोंगर दाखवला.

तरी मी पाटी लावली. गिरणी पाचला बंद, डबे सकाळी ठेवून जावेत. भाऊ, डबा ठेवून जाणारी बाई डोंबिवलीत अजून जन्माला यायचीय. आपला गहू आपल्या डोळ्यांदेखत पडला पाहिजे, आणि त्याआधी काय दळलं तेही कळलं पाहिजे. मी स्वस्त विजेत माशा मारत बसलो. शेवटी समोरच्या इमारतीतल्या प्रमोदिनीबाई (निवृत्त शिक्षिका, पण बघणाऱ्याला तसं वाटत नाही) घरची खुर्ची घेऊन आल्या आणि अख्ख्या इमारतीच्या डब्यांवर पहाऱ्याला बसल्या. एका दुपारी त्यांचा डोळा लागला. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी पाऊल न वाजवता वावरायला लागलो (गिरणी धडधडतेय आणि मी पाऊल वाजवत नाही, शहाणपणा बघा), आणि त्या नादात बाजरीनंतर जातं न झाडताच गहू टाकत गेलो. दुसऱ्या दिवशी निम्म्या इमारतीच्या पोळ्या करड्या. मला वाटलं, उठला आपला बाजार. पण बाईंनी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं की चूक पहारेकऱ्याची आहे. तेव्हापासून डबे येतात, आणि बाई खुर्चीत पाठ न टेकता बसतात.

तर आता संध्याकाळी मी घरी. पहिल्या दिवशी मला जिन्यात बघून शेजारच्या देवेशने हळूच विचारलं, काका, कोण गेलं? आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मावळतीचं इतकं छान ऊन येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. कलावतीला असणार. एकदा पोळ्या करायला घेतल्या. जन्म पीठ दळण्यात गेला, पण कणीक भिजवता येईना. पाणी जास्त म्हणून पीठ, पीठ जास्त म्हणून पाणी. शेवटी लग्नाची पंगत उठेल एवढी कणीक, आणि जेवणारा मी एकटा. फार एकटं वाटतं हो, भाऊ.

असो. प्रकृतीला जपा. काठी सोडलीत तसं झाडही सोडा.

तुमचा,
तानाजी

ता. क. पाय खरंच बरा असेल तर कलावतीला पाठवा. ती म्हणते, तिकडे येऊन काय करू, संध्याकाळभर भिंतींशी बोलू? तिला सांगा, भिंतींशी आता मी बोलतो आणि त्याही कंटाळल्यात. तिला ठाण्याला खोपट स्थानकावर येणाऱ्या एसटीत बसवा. संध्याकाळी पोचणारी गाडी बघा, मी आणायला येतो.

ता. क. दुसरा. हे तिला सांगू नका. संध्याकाळचा जादा दर मला परवडला असता. पण खालच्या मजल्यावरची संचिता मला मोबाइलवर गिरणीच्या मीटरची रेघ दाखवत होती. सुरुवातीला रोज सातच्या सुमारास रेघ एकदम खाली बसायची. संचिताने विचारलं, काका, तेव्हा लाइट जायची का? मी हो म्हटलं. तेव्हा कलावती चहा घेऊन यायची आणि मी मोटर बंद करायचो. ती तुमच्याकडे आल्यापासून रेघ एकदाही खाली बसलेली नव्हती. ते बघितलं आणि त्याच दिवशी पाटी रंगवायला घेतली.

(सांगितलंत तरी चालेल.)