सव्वाचार फुटांवरची फळी

॥ श्री ॥

लकडगंज, नागपूर
ता. ९ जानेवारी १९७२

चि. नानाजीस वामनरावाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे कार्ड काल मिळाले. आधी पायाची हकिगत. प्लास्टर निघायला अजून चार आठवडे आहेत. तोवर लाकडाच्या टालीच्या ओसरीत बाजेवर पडून हुकूम सोडतो आणि माणसं ऐकल्यासारखं करतात. हमाल होतो तेव्हा पाठीवरून सागाचे ओंडके वाहिले, एक पडला नाही. मालक झालो आणि पायावर पडला. तुझी वहिनी म्हणते, देव कधीपासून बसा म्हणत होता, ऐकलं नाही म्हणून शेवटी त्यानं पाडलं.

आता तुझी मागणी. खोक्यांच्या फळ्या पाहिजेत, जुन्या चौकटीचे तुकडे पाहिजेत, दाराला उरलासुरला हिरवा रंग पाहिजे, आणि सगळं स्वस्तात. स्वस्ताचं मला कौतुकच आहे, माझा सगळा संसार उरल्यासुरल्यावर उभा राहिला. पण काहून गा? दिवाळीला तुझ्या भिंतीला बोटभर चुना लागला नाही. तुझी यमू गेल्यापासून तीन वर्षं घराचा केर निघतो तो आईच्या हातानं. आणि आता भर पौषात दार हिरवं?

बैल बाजारात न्यायच्या आधी त्याची शिंगं रंगवतात, हे तुला सांगायला नको. यमूच्या तेरवीला तू सगळ्यांदेखत बोलला होतास की हे घर मले खाते, विकून टाकतो. मी विसरलो नाही. त्या घरात आई आहे. मागे तिला इथं आणली तर लाकूड कापायच्या आरा-मशीनच्या आवाजानं तिनं तिसऱ्या दिवशी जेवण सोडलं. खाप्याचं घर गेलं तर आई राहायची नाही, हे लिहून ठेव.

खाप्याचा धोंडबा संत्रेवाला परवा टालीवर टेकला होता. बोलता बोलता म्हणाला, तुमचा नानाजी टेप घेऊन घराची मोजणी करून राहिला. मी विचारलंही नव्हतं. न विचारता आलेली बातमी मी जास्त खरी धरतो.

दोन दिवाळ्या झाल्या, तू आमच्याकडे पाय ठेवला नाहीस. तुझी वहिनी म्हणते, माझी बहीण गेली म्हणून बहिणीचा नवराही गेला का? दोघा भावांनी दोघी बहिणी केल्या तेव्हा वाटलं होतं, येणंजाणं दुप्पट होईल.

पुढचं पत्र पाकिटात घाल. कार्ड वाटेत दहा जण वाचतात. आईस दंडवत.

तुझा
वामनराव


॥ श्री ॥

खापा
ता. १५ जानेवारी १९७२

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी नानाजीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. भिंती चुलीच्या धुरानं काळ्या पडल्या, कोपऱ्यांत उंदरांनी बिळं केली, म्हणून हात घातला. दुसरं काही नाही. घर विकायचं मनात नाही.

खर्च फार नाही. सुताला लावायची खळ विणकरांच्या सोसायटीत रोज उरते, ती गाळून चुन्यात मिसळली, चिमूटभर नीळ टाकली. आता भिंतीला पाठ टेकली तरी सदरा पांढरा होत नाही. शेजारचे विचारून राहिले, कोणता रंग आणला म्हणून. थानांचे शेवटचे तुकडे जोडून पडदे शिवले. मोडक्या मागाचा रूळ पडून होता, त्याचं ओसरीत बसायचं बाक झालं. आईला ते आवडलं, पण पाय टेकत नाहीत म्हणून खालीच बसते.

देवाजी सुताराला मापं सांगावी. स्वयंपाकघरात तीन फूट लांबीच्या तीन फळ्या. सगळ्यात वरची फळी जमिनीपासून सव्वाचार फुटांवर येईल अशा बेतानं खुंट्या द्याव्या. तिथली जुनी फळी काढून टाकणार आहे. आरशाला एक चौकट हवी, साधीच. फळ्यांच्या कडा मात्र घासून द्याव्या, हाताला लाकडाची कूस लागू नये.

वहिनींना पत्र वाचून दाखवू नये असं काही नाही, पण मुद्दाम दाखवायलाही नको. पायाला जपावं. माघ लागल्यावर येईन म्हणतो.

आपला आज्ञाधारक
नानाजी


॥ श्री ॥

लकडगंज, नागपूर
ता. २२ जानेवारी १९७२

कृष्णकांत मास्तरांस सप्रेम नमस्कार. खालील पत्र आमच्या आईस, नाना मागावर गेला असताना, वाचून दाखवावे आणि ती सांगेल ते जसेच्या तसे लिहून धाडावे. शुद्ध करू नये.

तीर्थरूप आईच्या पायांवर वामनचे डोके.

आई, पाय बरा आहे. तुझ्याशी उघड बोलतो. नाना घर सजवून राहिला. पडदे, बाक, हिरवं दार. विचारलं तर उंदीर सांगतो. आजवर उंदरांसाठी कोणी पडदे शिवलेले मी ऐकले नाहीत. आणि प्रेमिलेला पत्र दाखवू नका असंही लिहितो. ज्याला काही लपवायचं नाही, तो असं लिहील का?

कोणी परका माणूस घर पाहायला आला होता का? तुझ्यासमोर कसला कागद आणला का? कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नको. नाना प्रेमानं सांगेल, गोड बोलेल, तरी देऊ नको. मी उभा राहू लागलो की पहिल्या मोटारीनं येतो.

तुझा
वामन


॥ श्री ॥

खापा
ता. २७ जानेवारी १९७२

चि. वामनले आई जिजाबाईचा आशीर्वाद.

मास्तर लिहून राहिले, मी सांगून राहिली. ते मधामधात हसून राहिले, ते लिहू नका म्हटलं.

वामन, तू मोठा झाला, लकडगंजात टाल घातली, पन तुही खोड गेली नाही. लहानपनी बी दाराले कान लावून बसे. घर कोनी विकत नाही. घर पाहाले कोनी आलं नाही. अंगठा मी तुह्या बापाच्या वक्ताले दिला, त्याच्यानंतर कोनाले दिला नाही, देत बी नाही. नाना मले दोन टाइम गरम भाकर देते. पयले देत नव्हता, आता देते. आता काहून देते, ते मले माहीत हाये.

घरात काय होऊन राहिलं ते मी सांगत नाही. नानाची गोष्ट हाये, नानानं सांगावं. तो भेते. तुले भेत नाही, तुले कोन भेते? भेते ते प्रेमिलाले. तिच्यापाशी तू अवाक्षर काढू नको. तिचं नाव निघालं का नाना जेवता जेवता हात धुते.

प्रेमिला जेवते का बराबर? तिले म्हनावं, सासू आठवन करते. हे येवढं सांग, बाकीचं नको सांगू.

पाय हालवू नको.

आईच्या सांगण्यावरून लिहिले.
कृष्णकांत


॥ श्री ॥

लकडगंज, नागपूर
ता. १ फेब्रुवारी १९७२

चि. नानाजीस आशीर्वाद, वि. वि.

आईकडून जबाब आला. इतका मोठा जबाब आणि हाती काही नाही, वकिलांनी शिकवणी लावावी तिच्याकडे. मी मनात पक्कं केलं होतं की गिऱ्हाईक खाप्याचंच आहे आणि इसार झालेला आहे. तुला सरळ वकिलाची नोटीस धाडायची, इथवर आलो होतो. खोटं कशाला सांगू.

मग काल देवाजी सुतार तुझ्या फळ्या कापायला बसला. मी ओसरीत बाजेवर. त्यानं मापं मोठ्यानं वाचली. सव्वाचार फूट म्हणाला आणि थांबला. म्हणाला, मालक, ही फळी लेकराची हाये का? मी म्हटलं, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं.

नाना, त्या स्वयंपाकघरातली जुनी फळी मी ठोकलेली आहे, साडेपाच फुटांवर. यमू तुझ्याहून दोन बोटं उंच होती. लग्नात लोक म्हणाले होते, नवरदेवाले पाटावर उभा करा. तिचा हात सहज पोचायचा. आई कमरेतून वाकलेली, ती फळीला हातच लावत नाही, तिचं सगळं खालच्या कोनाड्यात. तुला स्वतःला फळी खाली आणायची गरज नाही. आणि घर विकणारा माणूस फळ्यांची उंची बदलत नाही. गिऱ्हाइकाला भिंत दाखवतात, फळी नाही.

म्हणजे त्या घरात कोणी येणार आहे. बाई आहे, बुटकी आहे, आणि तिच्या हाताला कूस लागू नये याची तुला काळजी आहे.

कोण आहे ती? मी रागावलो नाही. मी फसलो, म्हणून थोडा खजील आहे. तुझ्या वहिनीला बोललो नाही. तुझं पत्र हत्यारांच्या पेटीत टाकून कुलूप लावलं आहे. पाकिटात सगळं लिही. आता उंदीर नकोत.

तुझा
वामनराव


॥ श्री ॥

खापा
ता. ५ फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी नानाजीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही ओळखलंत, बरं झालं. माझ्या तोंडून निघालं नसतं.

तिचं नाव तुळसा. सोसायटीत सुताच्या कांड्या भरते. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. माहेरी कोणी उरलं नाही, सासरच्यांनी केव्हाच हात झटकले. एका खोलीत भाड्यानं राहते. मागच्या पावसाळ्यात आई तापानं पडली तेव्हा पंधरा दिवस तीच येऊन भाकरी टाकून गेली. स्टुलावर चढून डबा काढायची. एकदा स्टूल घसरलं आणि पडली. त्या दिवसापासून फळी माझ्या डोक्यात होती. आईनंच मला म्हटलं, पाट लावून घे. मी नाही म्हणत होतो. मग नाही म्हणायचं सोडून दिलं.

दादा, दोन दिवाळ्या मी आलो नाही तो यामुळे नाही. पहिल्या दिवाळीला तर तुळसा नव्हतीच. वहिनींचा चेहरा यमूसारखा आहे, मला तो पाहवत नाही. आता तर कोणत्या तोंडानं येऊ?

आपल्यात दुसरी आणली की ती पहिलीच्या माहेरची लेक धरतात. पहिलीची आई तिला साडी नेसवते, ओटी भरते, मग ती घरात येते. यमूची आई नाही. ती जागा आता वहिनींची. त्यांनी ओटी भरली नाही तर मी तुळसाला या घरात आणणार नाही. यमूच्या बहिणीला रडवून संसार मांडायचा नाही, हे मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, बरोबर हाये.

पण मग मी इथं राहूही शकणार नाही. तीन वर्षं राहून पाहिलं. मग तुम्ही म्हणता तेच होईल, घर विकीन आणि आईला तुमच्याकडे आणून सोडीन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. खरं आहे ते लिहितो.

वहिनींना तुम्ही सांगा. मला जमणार नाही.

आपला
नानाजी


॥ श्री ॥

लकडगंज, नागपूर
ता. ९ फेब्रुवारी १९७२

श्री. नानाजी भाऊजींना प्रेमिलाचा नमस्कार.

मी चौथी पास आहे, पत्र लिहायचं काम आजवर पडलं नाही. चुका असतील त्या असू द्या.

तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. तुमच्या दादांनी दाखवली नाहीत, हत्यारांच्या पेटीची किल्ली माझ्याच पदराला असते. टालीतल्या शंभर माणसांत कोण काय कुजबुजलं ते तुमच्या दादांना ऐकू येते. देवाजी सुतारानं माप वाचलं तेव्हा मी दाराआड गहू निवडत होती. सव्वाचार फूट ऐकलं आणि माझ्या हातचं सूप खाली पडलं. ते मात्र त्यांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या आधी समजली. मोठी असून मी बुटकी, यमू उंच. आमच्या माहेरी उंचावरचा डबा मला तीच काढून द्यायची.

मग मी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. यांना वाटलं, भाजी करपली म्हणून. वाटू दिलं.

भाऊजी, मला राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. तुम्ही लग्न करता म्हणून नाही. मला भेता म्हणून. मी काय तुम्हाला खाणार होती? बहीण माझी गेली, आणि तिच्या नवऱ्याशी तिच्याबद्दल दोन शब्द बोलीन म्हटलं तर तो दोन वर्षं दारात आला नाही. भिंतींना चुना देताना यमूचा फोटो काढला असाल. परत लावला का? तुमच्या पत्रांत पडदे आहेत, बाक आहे, आरशाची चौकट आहे, फोटो कुठंच नाही. मी तीनदा पाहिलं. नसेल लावला तर हे पत्र खाली ठेवा आणि आधी लावा.

आणि त्या बाईचा मला भरवसा नाही. पंधरा दिवस भाकरी कोणीही टाकते. कांड्या भरणाऱ्या बायांची तोंडं कशी चालतात, मला माहीत आहे. सासूबाईंवर ओरडेल का? मनात ठेवणारी आहे का बोलून टाकणारी? सासरच्यांनी हात झटकले ते काहून? तुम्हाला विचारून उपयोग नाही, तुम्ही बरोबर हाये म्हणणाऱ्या बाईवर भाळले आहात. मी स्वतः पाहीन.

म्हणून असं करा. येत्या रविवारी पहिल्या मोटारीनं तिला धोंडबाच्या बायकोसोबत इकडे पाठवा. तुम्ही येऊ नका. आठ दिवस ती माझ्याजवळ राहील. माझ्यासोबत चूल फुंकेल, माझ्यासोबत निजेल, आणि तिला जे विचारायचं ते मी विचारीन. तुमच्याबद्दल तिला काय सांगायचं तेही सांगीन, घोरता त्याच्यासकट.

सराफाकडे यमूच्या नावाचा चांदीचा टाक घडवायला टाकला आहे. दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं असते, तो मान चुकायचा नाही. तो तिच्या गळ्यात मीच घालीन. घालताना तिनं आपणहून मान खाली केली तर ती यमूला मानते हे मला समजेल.

भाड्याच्या खोलीतून नवरी निघत नाही. तिला माहेर नाही म्हणता, तर ती या घरून निघेल. साडी मी नेसवीन. मंडप लहान, पाहुणे कमी, जेवण पोटभर. तुमचे दादा कुबडी घेऊन उभे राहतील, त्यांना आज सांगितलं. ते म्हणाले, तुले कसं माहीत? मी म्हटलं, तुमच्या कानांजवळ राहून वीस वर्षांत मीही ऐकायला शिकली.

सासूबाईंना सांगा, मी बरोबर जेवते. घर जिथं आहे तिथं राहू द्या.

बाकी भेटीअंती. पाठवताना तिच्या हाती पातळ चादर द्या, इथं मच्छर आहेत.

तुळसाची मोठी बहीण
प्रेमिला