ठेच्याचा पिझ्झा

तीर्थरूप आईला राजनंदिनीचा नमस्कार.

गुडघा कसाय तुझा? दादा गोळ्या घेतात का बराबर?

काल ऑफिसच्या पोरींसोबत पुण्यात पिझ्झा खायला गेल्ते. घाबरू नको. वेटर आपल्या भोकरदनचाच निघाला. त्याला आधीच सांगितलं, मला शेंगदाणा बिलकुल चालत न्हाई, घसा सुजून श्वास अडकतो.

"मंग ठेच्याचा पिझ्झा घ्या, ताई. त्यात शेंगदाणा न्हाई."

"आणि कूट?"

"कूट तर असतंच की!"

मी उठून थेट आचाऱ्याकडं गेले. त्यानं हात धुतले, सुरी बदलली, नुसत्या चीजचा करून दिला. पोरी हसल्या; हसू दे. पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन पर्समधीच राह्यलं.

पुढच्या महिन्यात आत्याकडच्या पंगतीत बी मी असंच विचारणार हाय. तवा मांडीला चिमटा काढून मला गप करू नको, आई.

तुझीच,
राजनंदिनी